‘उचल्या’ आणि लातूरची सूतगिरणी

* लातूरजवळच्या धनेगावात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आलं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ब्रिटिशांच्या १८७१च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या; लक्ष्मणची उचल्या जमात त्यांपैकीच एक. १९५२मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. लक्ष्मण शाळेत जाऊ लागला आणि पोरांना हगवण-उलटी सुरू झाली, तेव्हा जमातीने दोष दिला तो त्याच्या शाळेला!

पुढे ते लातूरच्या सूतगिरणीत लागले, कामगारांच्या लढ्यात उतरले. पुस्तकातल्या भुकेच्या प्रसंगांइतकीच ही गिरणीची पानं मोलाची आहेत. समीक्षेने या पानांकडे फार कमी पाहिलं.