घरावरच्या छत्रीचं तोंड आग्नेयेलाच का? उपग्रह आणि टीव्हीची सोपी माहिती

धारूर : तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा, पत्र्यावर, स्लॅबवर नाहीतर अंगणातल्या खांबावर टीव्हीची छत्री दिसतेच. एक गोष्ट मात्र नीट बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. फ्री डिशच्या सगळ्या छत्र्यांचं तोंड एकाच दिशेला असतं. कुणाच्या घराचं दार पूर्वेला असो की उत्तरेला, छत्री आग्नेयेकडेच बघते.

पावसाची मोठी सर आली की चित्र अडकतं. वानरांनी पत्र्यावर उड्या मारल्या की पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. मग मेकॅनिकला फोन जातो, येण्याजाण्याचे पैसे द्यावे लागतात. बऱ्याचदा मोठी खराबी नसतेच. छत्री नेमकं काय करते हे माहीत असेल तर निम्मं काम घरच्या घरी होतं, आणि कुणी उगाच पैसे मागत असेल तर तेही ओळखता येतं.

उपग्रह खाली का पडत नाही?

जोंधळ्याच्या राखणीला बसलेल्या माणसानं गोफण फिरवलेली आपण बघितली आहे. दगडाला वेग असतो, दोरी त्याला धरून ठेवते, म्हणून तो गोल फिरत राहतो. उपग्रहाचंही तसंच आहे. इथं दोरीचं काम पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण करतं. रॉकेट उपग्रहाला उंचीवर नेऊन आडवा वेग देतं. वर हवा जवळपास नसल्यामुळे तो वेग कमी होत नाही. म्हणून पुढं फिरत राहायला इंजिन सतत चालवावं लागत नाही.

उपग्रह जितका खाली, तितका त्याला वेग जास्त लागतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक तासाला सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानं फिरतं आणि दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतं. वर जाल तसा वेग कमी होतो आणि फेरीला वेळ जास्त लागतो.

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एक खास जागा आहे. तिथल्या उपग्रहाला एक फेरी मारायला २३ तास ५६ मिनिटं लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती एकदा फिरायला तेवढाच वेळ लागतो. जुन्या खळ्यावरची पात आठवा. तिवड्याभोवती बैल एका ओळीत फिरायचे. आतला बैल हळू चालायचा, बाहेरचा भराभर, पण फेरी दोघांची बरोबरच पुरी व्हायची. तसंच इथं आहे. विषुववृत्तावरची जमीन तासाला सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं फिरते, वरचा उपग्रह सुमारे ११ हजार किलोमीटर वेगानं. दोघं बरोबर फिरतात, म्हणून खालून बघणाऱ्याला तो एकाच जागी खिळल्यासारखा वाटतो. याला भूस्थिर उपग्रह म्हणतात. असा उपग्रह नसता तर छत्री दिवसभर फिरवत बसावं लागलं असतं.

या उंचीवरून जगभर संदेश पोचवता येतील, हे आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानं १९४५ सालीच लेख लिहून सांगितलं होतं. तेव्हा एकही उपग्रह आकाशात नव्हता.

धारूरमध्ये छत्री कुठं वळवायची?

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावरच असतात. धारूर विषुववृत्तापासून सुमारे २,१०० किलोमीटर उत्तरेला आहे. म्हणून आपल्याला ते दक्षिणेच्या बाजूलाच सापडणार. दूरदर्शनची फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्यापासून पूर्वेलाही सरकलेला. दक्षिण आणि पूर्व एकत्र आली की झाली आग्नेय.

हिशोब केला तर धारूरहून या उपग्रहाची दिशा होकायंत्रावर सुमारे १३६ अंश येते आणि जमिनीपासूनची उंची सुमारे ६० अंश. मोबाईलमधल्या होकायंत्रावर हे बघता येतं. फक्त पत्रा, लोखंडी खांब किंवा गाडीजवळ उभं राहू नका, काटा फसवतो. सगळ्याच कंपन्यांचे उपग्रह मात्र एका जागी नाहीत. टाटा प्लेचे ८३ अंशांवर आहेत, म्हणून त्या छत्र्या आपल्याकडे दक्षिणेला जास्त झुकलेल्या दिसतात.

साठ अंश म्हणजे बरंच वर, मग छत्री एवढी उभी का दिसते? घरगुती छत्रीत पुढचा एलएनबी मधोमध नसतो, खालच्या बाजूला दांडीवर असतो. त्यामुळे छत्री समोर बघतेय असं वाटलं तरी तिची नजर त्याहून बरीच वर असते.

ऊसतोडीला जाताना काही कुटुंबं छत्री बरोबर नेतात. त्यांच्यासाठी एक हिशोब. कोल्हापूर भागात फ्री डिशची दिशा सुमारे १३० अंश येते, म्हणजे धारूरपेक्षा जेमतेम सहा अंश पूर्वेकडे. उंचीचा कोन जवळपास तोच राहतो. म्हणून खालचा नट तसाच ठेवून छत्री फक्त डावी-उजवीकडे हळूहळू फिरवली तरी चित्र सापडायला हवं. खांब मात्र ओळंब्यात, सरळ उभा पाहिजे.

चित्र घरापर्यंत येतं कसं?

फ्री डिशचे चॅनल दिल्लीच्या केंद्रातून मोठ्या अँटेनानं वर उपग्रहाकडे पाठवले जातात. उपग्रह ते पकडतो, लहरींची वारंवारता बदलतो, ताकद वाढवतो आणि पूर्ण देशावर खाली सोडतो. हे काम करणाऱ्या भागाला ट्रान्सपाँडर म्हणतात. एका ट्रान्सपाँडरची ताकद साधारण शे-दीडशे वॅट असते, म्हणजे घरातले दोन पंखे चालतील एवढीच. ती अख्ख्या देशावर पसरते. आपल्या पत्र्यावर पोचेपर्यंत सिग्नल फार क्षीण झालेला असतो.

म्हणून छत्री लागते. पत्र्यावरचं पाणी पन्हाळीतून एका हंड्यात जमवावं, तशी छत्री सगळ्या लहरी एका बिंदूवर जमवते. त्या बिंदूवर एलएनबी असतो. तो लहरी केबलमधून जाऊ शकतील अशा करतो आणि सेटटॉप बॉक्सकडे देतो. बॉक्स त्याचं चित्र आणि आवाज बनवतो. एलएनबीला लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज त्याच केबलमधून बॉक्सच देतो. म्हणून केबलचं टोक गंजलं तर दोन्ही कामं बंद पडतात.

खाजगी कंपन्यांचा सिग्नलही प्रत्येक घरावर पडतच असतो, पण कुलूप लावलेला. रिचार्ज केलं की उपग्रहावरूनच आपल्या बॉक्सला कुलूप उघडण्याचा निरोप येतो. म्हणून रिचार्जनंतर बॉक्स थोडा वेळ चालू ठेवावा लागतो. फ्री डिशला महिन्याचं शुल्क नाही. एकदा साहित्य घेतलं की झालं. फ्री डिशच्या नावावर कुणी दर महिन्याला पैसे मागत असेल तर देऊ नका.

पावसात आणि मार्च-ऑक्टोबरमध्ये चित्र का जातं?

टीव्हीच्या या लहरी फार बारीक, सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीच्या असतात. पावसाचे मोठे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. बालाघाटावर काळेभोर ढग दाटून धो-धो कोसळला की चित्र अडकणारच. सर ओसरली की आपोआप येतं. अशा वेळी छत्रीला हात लावू नका. चांगली बसलेली छत्री हलते आणि नंतर खरंच मेकॅनिक लागतो.

दुसरं कारण सूर्य. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याच्या लहरींपुढं उपग्रहाचा आवाज दबतो. धारूरला फ्री डिशसाठी ही वेळ सकाळी अकराच्या आसपास येते, रोज काही मिनिटं. खराबी काहीच नसते. उलट या वेळेचा फायदा होतो. तेव्हा छत्रीवर पडलेलं ऊन परतून एलएनबीच्या तोंडावर जमत असेल, तर छत्री बरोबर लागलेली आहे असं समजा.

मेकॅनिकला बोलावण्याआधी

१. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचा टीव्ही चालू आहे का ते विचारा. त्याचाही बंद असेल तर दोष आपल्या घरात नाही.

२. बॉक्सच्या मेनूत सिग्नल बघा. तिथं दोन पट्ट्या असतात. 'स्ट्रेंथ' भरलेली आणि 'क्वालिटी' शून्य असेल तर केबल ठीक असून छत्रीची दिशा हलली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही शून्य असतील तर केबल किंवा एलएनबी तपासा.

३. छत्री दोन-तीन अंश सरकली तरी चित्र जातं. म्हणून नट सैल आहेत का बघा. एक जण छत्रीपाशी आणि एक टीव्हीपाशी, फोन चालू ठेवून, बोटभर बोटभर हलवा.

४. समोर नवीन वाढलेली फांदी, वाळत घातलेले कपडे किंवा शेजारचं नवं बांधकाम आडवं येतंय का बघा.

५. काहीच चॅनल दिसत नसतील पण बाकीचे लागत असतील, तर बॉक्स जुना असू शकतो. फ्री डिशवरचे काही चॅनल एमपीईजी-४ प्रकारचे आहेत, ते जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर लागत नाहीत.

वळवाच्या पावसात, विजा कडाडत असताना पत्र्यावर चढू नका. बॉक्सचा प्लग आणि छत्रीची केबल, दोन्ही काढून ठेवा. छत्री विजेच्या तारांपासून लांब लावा.

बैलगाडीपासून इथपर्यंत

महाराष्ट्राचं उपग्रहाशी नातं जुनं आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या आर्वी इथं १९७१ साली विक्रम भू-केंद्र सुरू झालं. तिथल्या अजस्र तबकडीतून परदेशाशी संपर्क चालायचा. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण सीमेला लागून असलेला गुलबर्गा जिल्हा होता. तिथं गावच्या टीव्हीला कोंबडीच्या जाळीची तीन मीटरची छत्री लावलेली असायची.

१९८१ साली भारताचा ॲपल हा पहिला संचार उपग्रह गेला. त्याच्या अँटेनाची चाचणी घ्यायला आजूबाजूला लोखंड नको होतं. म्हणून शास्त्रज्ञांनी तो चक्क बैलगाडीवर ठेवला. तो फोटो आजही प्रसिद्ध आहे. १९८३ च्या इन्सॅट-१बी नंतर दूरदर्शन देशभर पसरलं. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत छत्री सेवा सुरू झाली, तीच आजची फ्री डिश. आताचा जीसॅट-१५ हा ३,१६४ किलो वजनाचा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातून सोडला गेला. कर्नाटकातल्या हासन इथून इस्रोचे लोक अशा उपग्रहांवर नजर ठेवतात. जागेवरून थोडा सरकला की छोटी इंजिनं चालवून परत आणतात. ते इंधन संपत आलं की उपग्रहाचं आयुष्य संपतं. मग तो आणखी वर ढकलून देतात, म्हणजे जागा मोकळी होते. नवा उपग्रह त्याच जागी बसवला तर आपल्याला छत्री हलवावी लागत नाही.

थोडे गैरसमज

संध्याकाळी सरकताना दिसणारी चांदणी टीव्हीचा उपग्रह नसते. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. सरकतात ते खालचे उपग्रह. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात अनेकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे बघितले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूची रिंग पडली. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं.

मोबाईलचं इंटरनेटही साधारणपणे उपग्रहावरून येत नाही. ते टॉवर आणि जमिनीखालच्या केबलमधून येतं. फोन नकाशासाठी उपग्रहाचा सिग्नल फक्त ऐकतो, त्याला रिचार्ज लागत नाही. छत्र्यांमुळं पाऊस पळतो, हेही खरं नाही. छत्री वर काहीच पाठवत नाही, ती फक्त झेलते. पाऊस छत्रीला अडवतो, छत्री पावसाला नाही.