बंब, विसण आणि भाजलेलं पोर

नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा लौकिक १८८३च्या सरकारी गॅझेटिअरातही नोंदला गेला. तांबट लेनमध्ये घडणाऱ्या भांड्यांत मला सगळ्यांत जास्त आदर बंबाचा. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली जाळी. आमच्या वाड्यातल्या बंबाला फिरवायची तोटी नव्हती. वरून गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी चोचीतून घंगाळात पडे. बंब कोरडा जळत नसे हा त्याचा उघड फायदा. पण ज्या पोराला भरली कळशी उचलवत नाही, त्याला कढत पाणी मिळतच नसे, हा फायदा माझ्या लेखी कितीतरी मोठा.

बाकीचं आजी बघायची. घंगाळात आधी विसण, म्हणजे गार पाणी, मग कढत. हा क्रम तिनं कधी मोडू दिला नाही. अभ्यंगाच्या पहाटे तेलानं फरशी निसरडी झालेली असे, तेव्हा बंबापाशी पोराला फिरकायचीही बंदी.

पुढे मी परिचारिका झाले. तोवर बंब मोडीत निघाले होते. न्हाणीत जमिनीवर प्लास्टिकची बादली, तिच्यात पाणी तापवायचा रॉड. विसण घालायला आई वळते, तेवढ्यात रांगतं मूल बादलीला धरून उभं राहतं. नाशिकची थंडी पडली की अशी भाजलेली लेकरं दवाखान्यात यायचीच. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, हे मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी १९४७ मध्येच दाखवलं होतं. लेकराची कातडी त्याहून पातळ.

भाजल्यावरच्या औषधाच्या बाबतीत मात्र जुनी घरं चुकली, हे मला स्पष्ट म्हटलंच पाहिजे. दौतीतली निळी शाई, तूप, कणीक, चुन्याची निवळी खोबरेलात घोटून. शाईखाली जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नसे. वाळलेली कणीक काढताना कातडी सोलून येई. आता शाईच्या जागी टूथपेस्ट आली आहे. मुंबईत वाडिया रुग्णालयाच्या डॉ. केसवानींनी १९८०च्या दशकात बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या भाजलेल्या मुलांवर वापरल्या, पण त्या उकडलेल्या बटाट्यांच्या, निर्जंतुक केलेल्या, डॉक्टरांच्या हातच्या. स्वयंपाकघरातल्या सालींचं ते काम नव्हे.

घरी करायचं ते एवढंच. भिजलेले कपडे, बांगड्या, करदोटा लगेच काढा. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं सोडा आणि बाकीचं अंग पांघरुणात ठेवा. बर्फ नको, फोड फोडायचे नाहीत. वर स्वच्छ कापड सैल टाका. चटका मुलाच्या तळहाताहून मोठा असला, किंवा चेहऱ्यावर, हातापायांवर, जांघेत असला, तर तडक दवाखाना गाठा.