जुन्या ट्रॅक्टरांचा संग्रह आणि मूळ सुट्या भागांचे ऐतिहासिक मूल्य : अमेरिकेच्या संदर्भात एक अभ्यास

बीजशब्द : ट्रॅक्टर, मूळ सुटे भाग, संग्रह, जीर्णोद्धार, भौतिक साधने, शेतीचा इतिहास

प्रस्तावना

शेतीच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीनमहसूल, पीकपद्धती, बाजारपेठ आणि शेतकरी चळवळी यांच्या आधारे झालेले आहे. शेतात प्रत्यक्ष राबलेली यंत्रे मात्र इतिहासाची साधने म्हणून फारशी विचारात घेतली गेली नाहीत. ताम्रपट, नाणी, शिलालेख यांना जसे साधनमूल्य आहे तसेच ते यंत्रालाही आहे, हा विचार तुलनेने नवा आहे. अमेरिकेत १८९२ साली जॉन फ्रोलिक यांनी आयोवा राज्यात पुढे व मागे दोन्ही दिशांना चालू शकणारे पेट्रोल इंजिनाचे यंत्र तयार केले. तेथून सुरू झालेल्या यांत्रिकीकरणाने ग्रामीण जीवनाचे स्वरूप पालटले. १९२० च्या शेतीगणनेत त्या देशातील शेतांवर सुमारे २ लाख ४६ हजार ट्रॅक्टर होते. १९४० मध्ये ही संख्या १५ लाखांच्या पुढे गेली. या काळातील जे ट्रॅक्टर आज शिल्लक आहेत त्यांतील मोठा वाटा हौशी संग्राहकांनी लिलावातून, जुन्या गोठ्यांतून आणि भंगाराच्या ढिगाऱ्यांतून विकत घेऊन वाचवलेला आहे. दुर्मीळ मूळ भाग शाबूत असलेल्या ट्रॅक्टरासाठी संग्राहक मोठी किंमत का मोजतो आणि त्या किमतीमागे कोणता इतिहास दडलेला असतो, याचा शोध प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे

१) जुन्या ट्रॅक्टरांचे मूळ भाग दुर्मीळ होण्याची ऐतिहासिक कारणे तपासणे.
२) ट्रॅक्टरचे मूळ स्वरूप ठरविण्याच्या पद्धतीचा इतिहाससंशोधनाच्या दृष्टीने विचार करणे.
३) जीर्णोद्धार आणि जतन यांतील भेद स्पष्ट करणे.

सदर अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः १९१७ ते १९४५ या काळातील अमेरिकन ट्रॅक्टरांपुरती मर्यादित आहे.

दुर्मीळतेची ऐतिहासिक कारणे

एखादा ट्रॅक्टर जुना आहे एवढ्यावरून तो दुर्मीळ ठरत नाही. १९१७ साली उत्पादन सुरू झालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरचे उदाहरण बोलके आहे. हेन्री फोर्ड यांनी मोटारींप्रमाणेच साखळी पद्धतीने याचे उत्पादन केले. १९२२ मध्ये त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आली आणि अमेरिकेतील उत्पादन १९२८ मध्ये थांबेपर्यंत ७ लाखांहून अधिक फोर्डसन तयार झाले. त्यामुळे हा ट्रॅक्टर शंभरी गाठूनही संग्राहकांना आजही मिळू शकतो. मात्र अगदी सुरुवातीच्या फोर्डसनच्या रेडिएटरच्या बाजूंवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या फटी होत्या. पुढे ही रचना बदलली. अशा शिडीवजा बाजूंचा मूळ रेडिएटर शाबूत असलेला ट्रॅक्टर संग्राहकांमध्ये विशेष मोलाचा मानला जातो. तात्पर्य, दुर्मीळता ही बहुधा संपूर्ण यंत्राची नसून त्याच्या एखाद्या भागाची असते. हे भाग दुर्मीळ होण्यामागे पुढील चार कारणे दिसून येतात.

पहिले कारण म्हणजे कारखान्यातील प्रयोग व घाई. जॉन डियर कंपनीचा मॉडेल डी हा ट्रॅक्टर १९२३ ते १९५३ अशी तीस वर्षे तयार होत होता. त्यातील पहिल्या सुमारे ५० ट्रॅक्टरांना तुकडे जोडून वेल्डिंगने बनवलेला पुढचा आस होता. नंतरच्या ट्रॅक्टरांना ओतीव आस बसविण्यात आला. आरंभीच्या वर्षांतील फ्लायव्हीलला बैलगाडीच्या चाकासारखे आरे होते, तर १९२६ पासून ते भरीव झाले. फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन यांच्या सहकार्यातून २९ जून १९३९ रोजी लोकांसमोर आलेल्या ९एन या ट्रॅक्टरचीही अशीच कथा आहे. पोलादी पत्रा दाबून बॉनेट तयार करण्याचे साचे वेळेवर सिद्ध न झाल्याने सुरुवातीच्या काही ट्रॅक्टरांना ओतीव ॲल्युमिनियमचे बॉनेट बसविण्यात आले. हे बॉनेट ठिसूळ असल्याने अनेक ठिकाणी ते फुटले आणि त्याच्या जागी पोलादी बॉनेट आले. ९एन व त्याचा युद्धकालीन अवतार २एन मिळून ३ लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले, परंतु मूळ ॲल्युमिनियमचे बॉनेट टिकून राहिलेले ट्रॅक्टर अत्यल्प आहेत.

दुसरे कारण शेतकऱ्याची काटकसर हे होय. १९३२ पूर्वीचे ट्रॅक्टर प्रायः लोखंडी चाकांवर चालत. त्या वर्षी हवा भरलेल्या रबरी टायरांचा शेतीत प्रवेश झाला आणि दशकाच्या अखेरीस बहुसंख्य नवे ट्रॅक्टर रबरी टायरवर येऊ लागले. जुन्या ट्रॅक्टरसाठी नवी चाके विकत घेणे सर्वांनाच परवडणारे नव्हते. अनेकांनी मूळ चाकाची लोखंडी धाव कापून टाकली आणि उरलेल्या आऱ्यांवर टायरची रिम वेल्डिंग करून घेतली. संग्राहकाच्या दृष्टीने अशा कापलेल्या चाकांचे मूल्य कमी असते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तेच चाक आर्थिक मंदीच्या काळातील शेतकऱ्याच्या निर्णयाचा पुरावा आहे. रॉकेलवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांबाबतही असेच घडले. हे ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून इंजिन तापल्यावर रॉकेलवर घेतले जात. त्यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असे. पुढे अनेक ट्रॅक्टर केवळ पेट्रोलवर चालविण्यात आले, तेव्हा ही जादा टाकी व तिच्या नळ्या निरुपयोगी ठरल्या.

तिसरे कारण युद्ध हे होय. १९४२ च्या प्रारंभी आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेत रबराची तीव्र टंचाई निर्माण झाली. परिणामी त्या वर्षीचा फोर्ड २एन पुन्हा लोखंडी चाकांवर आला. बॅटरी व इलेक्ट्रिक स्टार्टर यांना फाटा देऊन त्यावर मॅग्नेटो बसविण्यात आला आणि शेतकऱ्याला पुन्हा हँडल मारून इंजिन सुरू करावे लागले. टंचाई ओसरताच मालकांनी टायर व बॅटरी बसवून घेतल्या. आज लोखंडी चाके आणि मॅग्नेटो ही दोन्ही मूळ रूपात असलेला २एन हा युद्धकालीन अर्थव्यवस्थेचा जणू दस्तऐवजच आहे.

युद्धाने जुन्या यंत्रांचा संहारही केला. १९४२ च्या उन्हाळ्यात नेब्रास्का राज्यात ओमाहा वर्ल्ड-हेरल्ड या वृत्तपत्राच्या पुढाकाराने भंगार गोळा करण्याची मोहीम झाली. त्यात दरडोई १०० पौंडांहून अधिक धातू जमा झाला. या मोहिमेबद्दल त्या वृत्तपत्रास १९४३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि तिच्या धर्तीवर देशभर मोहीम राबविण्यात आली. शेताच्या बांधावर गंजत पडलेले अवजड जुने ट्रॅक्टर हे अशा मोहिमेचे सहज हाती येणारे लक्ष्य होते.

चौथे कारण बाजारातील अपयश हे होय. मिनियापोलिस-मोलाईन कंपनीने १९३८ मध्ये यूडीएलएक्स हा बंद केबिनचा ट्रॅक्टर बाजारात आणला. शेतकऱ्याने आठवडाभर त्यावर नांगरट करावी आणि सुटीच्या दिवशी त्याच ट्रॅक्टरने कुटुंबातील माणसासह गावात जावे, अशी त्यामागील कल्पना होती. त्याचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर होता. मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या शेतकऱ्याला ही चैन परवडली नाही आणि सुमारे १५० ट्रॅक्टरांनंतर उत्पादन थांबले. ज्या यंत्राला त्या काळी गिऱ्हाईक मिळाले नाही त्यासाठी आज लिलावात चढाओढ होते.

मूळ स्वरूपाचे परीक्षण

इतिहाससंशोधक ज्याप्रमाणे कागदाचे बाह्य व अंतरंग परीक्षण करतो त्याचप्रमाणे जाणकार संग्राहक खरेदीपूर्वी ट्रॅक्टरचे परीक्षण करतो. प्रथम क्रमांकपट्टी पाहिली जाते. पट्टी सुटी असल्याने ती एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर लावता येते. म्हणून तिचे रिव्हेट मूळचे आहेत काय हे तपासणे अगत्याचे ठरते. फोर्ड ९एनचा क्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवरच कोरलेला असतो. इंजिन बदलले की त्याबरोबर ट्रॅक्टरची ओळखही बदलते.

दुसरा पुरावा ओतकामावरील तारखांचा असतो. अनेक कंपन्यांच्या ओतीव भागांवर ओतकामाची तारीख किंवा सांकेतिक अक्षर उमटविलेले असे. भागाची तारीख ट्रॅक्टर जोडला गेल्याच्या तारखेनंतरची निघाल्यास तो भाग मागाहून बसविला गेला, हे निर्विवाद सिद्ध होते.

तिसरा पुरावा रंगाच्या थरांचा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९३६ च्या अखेरीस आपल्या ट्रॅक्टरांचा राखाडी रंग बदलून लाल केला. त्यानंतर राखाडी ट्रॅक्टरही लाल रंगात रंगविले गेले. लाल थर हलकेच खरवडला असता खाली मूळ राखाडी रंग आढळतो. तो ट्रॅक्टर बदलापूर्वीचा असल्याची ती खूण होय.

या सर्वांची पडताळणी करण्यासाठी लेखी साधनेही उपलब्ध आहेत. नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर या शेतकरी लोकप्रतिनिधीने स्वतः घेतलेले ट्रॅक्टर निकृष्ट निघाल्याच्या अनुभवातून १९१९ मध्ये ट्रॅक्टर चाचणीचा कायदा करून घेतला. विक्रीपूर्वी विद्यापीठाकडून चाचणी करून घेणे कंपन्यांना बंधनकारक झाले. सुट्या भागांचा पुरेसा साठा राज्यात ठेवण्याची अटही त्या कायद्यात होती. १९२० पासून सुरू झालेल्या या चाचण्यांतील पहिल्या क्रमांकाचा अहवाल वॉटर्लू बॉय या ट्रॅक्टरचा आहे. ट्रॅक्टरवर कोणत्या बनावटीचा मॅग्नेटो व कार्ब्युरेटर होता, याची नोंद या अहवालांत असते. शेतकऱ्याची फसवणूक टाळण्यासाठी केलेली ही नोंद शतकानंतर संग्राहकाची फसवणूक टाळण्यास उपयोगी पडते. ज्या राज्याने १९४२ मध्ये भंगाराच्या मोहिमेचा आदर्श घालून दिला त्याच राज्याने जुन्या ट्रॅक्टरांची सर्वांत विश्वसनीय नोंद जपून ठेवली, हा योगायोग लक्षणीय आहे. विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडील इंटरनॅशनल हार्वेस्टरचा दप्तरसंग्रहही या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

जीर्णोद्धार की जतन ?

संग्रहाच्या या प्रवृत्तीत एक अंतर्विरोध आहे. संग्राहक ट्रॅक्टर वाचवितो, परंतु तो नवा करण्याच्या भरात त्यातील पुरावा नष्ट होण्याचा धोका असतो. जुना रंग पूर्णपणे काढून चकचकीत नवा रंग दिला की रंगाच्या थरांतील इतिहास पुसला जातो. कापलेली चाके फेकून देऊन मूळ नमुन्याची चाके बसविली की ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला त्या दिवसासारखा दिसतो, पण मधल्या काळातील शेतकरी त्यातून नाहीसा होतो.

दुर्मीळ भागांच्या प्रतिकृतींमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा बनतो. मूळ भागावरून साचा घेऊन नवे ओतकाम करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही आणि ट्रॅक्टर चालू स्थितीत ठेवण्यासाठी ते आवश्यकही असते. तथापि नव्या भागावर तसे चिन्ह नसेल तर एकदोन पिढ्यांनंतर मूळ आणि प्रतिकृती यांतील भेद ओळखणे कठीण होते. बनावट ताम्रपटाने जसा वंशावळीचा गोंधळ होतो तसाच हा प्रकार आहे. यावर उपाय साधा आहे. काढलेला भाग मोडीत न काढता ट्रॅक्टरबरोबर ठेवावा, नव्या भागावर वर्ष कोरावे आणि केलेल्या प्रत्येक बदलाची छायाचित्रासह नोंद ठेवावी.

भारतीय संदर्भ

हा विषय भारतास परका नाही. महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्यातून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. मूळ इंग्लंडमधील डॉनकॅस्टर येथे तयार होणारा बी-२७५ हा ट्रॅक्टर मुंबईत बनू लागला. महाराष्ट्रातील अनेक गावांना ट्रॅक्टरची पहिली ओळख याच पिढीतील यंत्रांनी करून दिली. हे ट्रॅक्टर आता साठीच्या घरात आहेत. केंद्र शासनाने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. मात्र ते दुचाकी व प्रवासी मोटारींसाठी आहेत. शेतीच्या ट्रॅक्टरला त्यात स्थान नाही. कृषी महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी आपल्या परिसरातील जुन्या ट्रॅक्टरांचे क्रमांक, मूळ भाग व मालकांच्या आठवणी यांची नोंद केल्यास पुढील संशोधनास मोठी मदत होईल.

निष्कर्ष

१) जुन्या ट्रॅक्टरच्या मूळ भागांची दुर्मीळता ही केवळ काळाच्या ओघात आलेली नसून प्रयोग, काटकसर, युद्ध व अपयश या ऐतिहासिक कारणांतून निर्माण झालेली आहे.
२) मूळ भाग ठरविण्याची संग्राहकांची पद्धत ही इतिहासातील साधनपरीक्षणाच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे.
३) शेतकऱ्याने केलेले बदल हे दोष नसून यंत्राच्या चरित्राचा भाग आहेत. म्हणून संपूर्ण नूतनीकरणापेक्षा नोंदीसह केलेले जतन अधिक श्रेयस्कर ठरते.
४) भारतातील पहिल्या पिढीच्या ट्रॅक्टरांबाबत अशी नोंद आजच होणे आवश्यक आहे. यंत्र भंगारात गेल्यावर त्याच्या किमतीचा अंदाज बांधता येतो, परंतु त्याच्यातील पुरावा पुन्हा मिळविता येत नाही.