मोटारीची कांति

मोटारीला मेण लावावें, पॉलिश करावें, कीं सिरॅमिक लेप द्यावा, हा प्रश्न नवी गाडी घेतलेल्या बहुतेक घरांतून निघतो. दुकानदारापाशीं त्याचें उत्तर तयारच असतें. पण श्रोतेहो, रंगाचा इतिहास ठाऊक असल्यावांचून तें पारखतां येणें कठीण.

पहिल्या मोटारी रंगविल्या त्या घोडागाड्यांच्या कारागिरांनीं. तेली रंग व व्हार्निश यांचे थरावर थर चढत. प्रत्येक थर वाळवून घासावयाचा, आणि एका गाडीला कित्येक आठवडे लागावयाचे. तें व्हार्निश मोठें नाजूक. तबेल्यांतील अमोनियाच्या वाफेनें तें निस्तेज होई, म्हणून बग्गी घोड्यांपासून दूर, निराळ्या खोलींत ठेवीत. रंगरक्षणाचा हा जुना उपाय. त्यांत लेप कसलाच नव्हता!

फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१४ ते १९२५ पर्यंत काळ्यावांचून दुसरा रंगच नव्हता. १९२३ सालीं जनरल मोटर्सनें ओकलंड गाडीवर ड्यू पाँट कंपनीचें ‘ड्यूको’ हें नायट्रोसेल्युलोजचें लॅकर आणलें, तेंहि निळें. स्फोटक कापसाचें हें सोज्ज्वळ भावंड! आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. परंतु फवारलेलें लॅकर मंद दिसे, तें घासूनच चकाके. पुढें उन्हानें त्यावर भुकटी धरे, कीं पुनः घासणें आलेंच.

घोटाळ्याचें मूळ येथें आहे. पॉलिश करणें म्हणजे लावणें नव्हे, काढणें होय. त्यांतील बारीक खर वरचा थर खरवडते. मेणाचें काम उलट. ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांवरील मेण ८० अंशांच्या वर वितळतें, म्हणून उन्हाला टिकाव धरतें. तथापि धुण्यापावसानें कांहीं महिन्यांत जातें.

१९८० नंतरच्या दशकांत रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ झाली. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाएवढीहि क्वचितच. आणि अतिनील किरण अडविणारीं द्रव्यें त्यांतच असतात. घासतांना फडक्यावर रंग उतरत नाहीं, म्हणून झीज कळत नाहीं. थर संपला कीं गाडी पुनः रंगविण्यावांचून गत्यंतर नाहीं.

सिलिकायुक्त सिरॅमिक लेप तर अवघ्या कांहीं मायक्रॉनांचा. त्यावरून पाणी ओघळतें, मळ कमी चिकटतो. पण उडणारा खडा त्याला अडवत नाहीं. तेथें पॉलियुरेथेनची जाड फिल्मच हवी. महामार्गावर नित्य धांवणाऱ्या गाडीच्या दर्शनी भागास ती द्यावी. सावलींत उभी राहणारीस वर्षांतून दोनतीन वेळां मेण पुरें. पॉलिशची डबी ओरखडा प्रत्यक्ष दिसेल तेव्हांच उघडावी. पक्ष्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशीं भरपूर पाण्यानें धुवावी. तेथें लेपाच्या भरंवशावर राहूं नये.