तहातील मैत्री आणि कवायती फौज

धार आणि देवास ही दोन नावे मराठी माणसाला परकी नाहीत. नर्मदेच्या उत्तरेस विंध्याच्या रांगा ओलांडून, उदयनगर, बागली यांसारख्या डोंगरी भागांतून माळव्याच्या पठारावर आले की पवारांच्या या दोन राजधान्या लागतात. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्या मोहिमेत पुढाकार घेणारे उदाजी पवार हे धारच्या घराण्याचे, तर तुकोजी व जिवाजी हे दोघे भाऊ देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे मूळ पुरुष होत. तलवारीच्या बळावर मिळवलेली ही राज्ये नव्वद वर्षांनी एका कागदाच्या आधारावर उभी राहिली. त्या कागदाचे नाव होते मैत्रीचा तह.

हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मराठ्यांची जुनी युद्धपद्धती चपळ घोडेस्वारांची होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुकधारी पायदळ आणि तोफखाना यांचे महत्त्व वाढले व सरदारांना कवायती पलटणींची गरज भासू लागली. महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास द बॉयन या सेनानीला चाकरीस घेऊन अशा पलटणी तयार करविल्या. होळकरांच्याही पदरी दुद्रनेक हा फ्रेंच अधिकारी होता. येथे ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की हे शिक्षक पगारी चाकर होते. त्यांच्या सरकारशी कवायतीसाठी तह झालेला नव्हता. ही व्यवस्था स्वतंत्र होती खरी, पण निर्धोक नव्हती. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांकडील अनेक युरोपियन अधिकारी चाकरी सोडून गेले आणि त्यांचा मुख्य सेनापती पेराँ हाही इंग्रजांच्या आश्रयास गेला. शिपाई रणांगणावर राहिले. त्यांना शिकविणारे राहिले नाहीत.

दुसरा मार्ग तैनाती फौजेचा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि सहा हजारांहून कमी नाही एवढे कंपनीचे पायदळ आपल्या मुलखात कायमचे ठेवून घेतले. त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. विलक्षण योगायोग असा की या बाजीरावाचा जन्म धारच्याच किल्ल्यात, १७७५ च्या जानेवारीत झाला होता. आनंदीबाईंनी त्या किल्ल्यात आश्रय घेतला होता.

माळव्यात हा मार्ग येण्यास आणखी पंधरा वर्षे लागली. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम यांच्या फौजेने होळकरांचा पराभव केला. होळकरांच्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. साठांहून अधिक तोफा शत्रूच्या हाती पडल्या. पुढे सोळा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीने तात्या जोग यांनी बोलणी केली, कारण गादीवरील मल्हारराव अल्पवयीन होते.

या तहाची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभी कायमची शांतता आणि मैत्री यांची ग्वाही आहे. पुढील कलमांत मात्र असे येते की होळकरांनी जादा फौज कमी करावी, कंपनीच्या संमतीवाचून कोणाही युरोपियनास चाकरीत घेऊ नये, आणि कंपनीच्या मदतीसाठी तीन हजार घोडेस्वार सज्ज ठेवावे. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला भोपाळच्या नवाबाने सहाशे स्वार व चारशे पायदळ पुरविण्याचे मान्य केले. १२ डिसेंबर १८१८ रोजी देवासच्या दोन्ही राजांनी तह केला. तीत दोन पातींनी मिळून एकच कारभारी नेमावा अशी अट होती, आणि ठराविक फौज कंपनीच्या सेवेस ठेवण्याची दुसरी अट होती. पुढे या फौजेऐवजी रोख रक्कम देण्याची पद्धत पडली. १० जानेवारी १८१९ रोजी धारचा तह झाला. धारने ऐपतीप्रमाणे फौज पुरवावी, डुंगरपूर व बांसवाड्याच्या खंडणीवरील हक्क सोडावा, आणि कर्जाच्या फेडीसाठी बेरसियाचा परगणा कंपनीच्या ताब्यात द्यावा, असे ठरले.

हे तह नुसती लबाडी होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पेंढाऱ्यांच्या धाडींनी आणि मोठ्या सरदारांच्या स्वाऱ्यांनी माळवा उजाड झाला होता. धारचे राज्य तर नावापुरतेच उरले होते आणि मैनाबाईंनी मोठ्या कष्टाने ते सांभाळले होते. तहांनंतर शेते पुन्हा पिकू लागली. राज्ये वाचली; परंतु राज्य राखणारा हात दुसऱ्याचा झाला.

ज्या महिदपूरला होळकरांचे गोलंदाज झुंजले, त्याच गावी पुढे संस्थानांच्या खर्चाने एक कंटिंजंट फौज उभी राहिली. पगार संस्थानांचा, शिपाई या देशाचे, कवायत व हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. भोपाळ कंटिंजंट सिहोरला होती आणि सरदारपूरला भिल्लांची पलटण होती. या शिपायांचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच तहात स्पष्ट नव्हते.

ते उत्तर १८५७ साली मिळाले. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर होळकरांच्याच फौजेतील लोक चालून गेले, तेव्हा रक्षणासाठी आणलेल्या भोपाळ कंटिंजंटच्या शिपायांनी अधिकाऱ्यांचे ऐकले नाही आणि कर्नल ड्युरँडला सिहोरकडे निघून जावे लागले. नोव्हेंबरमध्ये महिदपूरवर हल्ला होताच तेथील कंटिंजंट फुटली. थोडे शिपाई इमानाला जागले. बरेचसे बंडवाल्यांना मिळाले. तीस-चाळीस वर्षे शिकविलेली कवायत हातात होती, पण मन त्या हुकमाशी बांधलेले नव्हते.

धारची कथा याहून करुण आहे. तेथील राजे आनंदराव त्या वर्षीच गादीवर आले होते आणि वयाने लहान होते. दरबारने ठेवलेल्या विलायती व मकराणी भाडोत्री लोकांनी किल्ला बळकाविला. ऑक्टोबरच्या अखेरीस इंग्रज फौजेने वेढा घालून तो घेतला, तेव्हा आतले लोक आधीच निसटून गेले होते. शिक्षा झाली ती राज्याला. संस्थान खालसा करण्यात आले. ज्या तहाने संरक्षणाचे वचन दिले होते, तो तह त्या बालराजाच्या उपयोगी पडला नाही. १८६० साली राज्य परत मिळाले, परंतु बेरसिया गेला तो भोपाळकडे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हे सारे तह संपुष्टात आले आणि १९४८ साली धार, देवास मध्य भारतात विलीन झाली. तहांचे कागद आता दप्तरखान्यात आहेत. ते वाचणाऱ्याने पहिल्या कलमातील मैत्रीच्या शब्दांवर थांबू नये. शिपायाला पगार कोण देतो, त्याला कवायत कोण शिकवितो आणि हुकूम कोणाचा चालतो, हे तीन प्रश्न पुढील कलमांना विचारावे. तिन्हींची उत्तरे एकाच घरची असतील, तर ते राज्य स्वतःचे समजावे. ती वेगवेगळ्या घरांची असतील, तर तेथे मैत्रीचा शब्द कितीही गोड असो, राज्याचा पाया दुसऱ्याच्या अंगणात घातलेला असतो. माळव्यातील त्या चार तहांनी हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकविला.