ऑटवेचा ताप

सूक्ष्मदर्शकाखाली ॲपटाइट या खनिजाचा कण आहे, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑटवे डोंगरातल्या वालुकाश्मातला. नायट्रिक ॲसिडात वीसेक सेकंद बुडवल्यावर त्यावर बारीक रेघा उमटल्यात. युरेनियम-२३८ चा एकेक अणू आपसूक दुभंगला, त्याच्या या खुणा. ताजी रेघ साधारण १६ मायक्रॉनची. तुम्ही भिंगाला डोळा लावता आणि थेट साडेदहा कोटी वर्षं मागे जाता.

पायाखाली गार चिखल. ऑस्ट्रेलिया अजून अंटार्क्टिकाला खेटून आहे, पण मधली जमीन ताणली जाऊन खचतेय. दक्षिण ध्रुव इतका जवळ, की हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. नेच्यांच्या झुडपातून मोठ्या डोळ्यांचा लहानसा डायनोसॉर सटकतो: लीएलिनासॉरा. नदीला पूर आलाय, त्यात ज्वालामुखींतून आलेली हिरवट-करडी वाळू. तुमचा कण तिच्यातच आहे. त्याच्यासोबत तुम्हीही गाडले जाता.

थरावर थर चढतात. इथली जमीन तशीही तापट, दर किलोमीटरला पारा झपाट्याने चढतो. ६० अंशांच्या पुढे रेघा आखडू लागतात. सव्वाशेच्या आसपास, ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशा साफ नाहीशा होतात. शेजारच्या झिरकॉनला याचं काही नाही. त्याच्या रेघा पुसायला दोनशेच्या वर लागतात. म्हणून रेघा मोजून वय काढलं, तर ज्वालामुखीचा काळ झिरकॉन सांगतो, ॲपटाइट सांगत नाही. मला ही विसरभोळी साक्षच जास्त कामाची वाटते.

साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी वारं फिरतं. खचणारी जमीन दाबली जाऊन वर उचलली जाते. नद्या माथ्यावरचे थर धुऊन नेतात, काही किलोमीटर जाडीचे! तुम्ही वर येता, थंड होता. कोऱ्या कणात नव्या रेघा उमटतात, त्याही बहुतेक लांबच. म्हणजे थंडी झटपट आली आणि पुन्हा तसा ताप चढला नाही. कड्यावर उभं राहिलात तर त्या गेलेल्या दगडाचा मागमूस नाही. हिशोब फक्त रेघांत.

पश्चिमेकडच्या खोल विहिरींत मात्र तेच थर आजही तापताहेत. अँड्र्यू ग्लेडो आणि इयन डडी यांनी १९८१ मध्ये तिथलेच कण मोजून दाखवलं, की खोली वाढते तसं ॲपटाइटचं वय घटत शून्यावर येतं. खनिज तेलही साधारण याच उष्णतेत शिजतं. त्यामुळे तेल शोधणाऱ्याला नुसता ताप किती चढला हे कळून भागत नाही; तो कधी उतरला, हेही हवं असतं. डोंगरातली चूल साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच विझली.