हवाना : अमेरिकी प्रभावाचा काळ

क्यूबाची राजधानी व प्रमुख बंदर. फ्लॉरिडातील की वेस्टपासून अंतर सु. १७० किमी. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर शहर अमेरिकी लष्कराच्या ताब्यात गेले. १९०२ मध्ये क्यूबा प्रजासत्ताक झाला. पण त्याच्या कारभारात हस्तक्षेप करण्याचा हक्क अमेरिकेने प्लॅट दुरुस्तीद्वारे १९३४ पर्यंत राखून ठेवला होता.

आर्थिक पकडीचे मूळ साखरेत होते. क्यूबाच्या साखरेला अमेरिकेत जकातीची सवलत मिळे, १९३४ पासून ठरावीक कोटाही मिळू लागला. उलट अमेरिकी माल हवानात कमी जकातीत उतरे. वॉशिंग्टनमध्ये कोट्याचा आकडा ठरला, की हवानातल्या बाजारपेठेचे वर्ष कसे जाणार हे कळत असे. वीज आणि टेलिफोन अमेरिकी कंपन्यांच्या हाती होते. पेसोचे मूल्य डॉलरइतकेच होते. गालियानो रस्त्यावरचे वुलवर्थचे दुकान गावात ‘तेनसेन’ (टेन सेंट) म्हणूनच ओळखले जाई.

बोलबाला मात्र झाला तो जुगाराचा. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात (१९२०–३३) पर्यटकांची रीघ लागली होतीच. डिसेंबर १९४६ मध्ये हॉटेल नॅसिओनालमध्ये अमेरिकी गुन्हेगारी टोळ्यांच्या म्होरक्यांची बैठक भरली. १९५२ मध्ये बंड करून सत्तेवर आलेल्या बातिस्ताच्या राजवटीने १९५५ मध्ये कायदाच केला : नव्या हॉटेलात १० लाख डॉलर गुंतवणाऱ्यास कॅसिनोचा परवाना, शिवाय करमाफी. या कायद्यातूनच कॅप्री व रिव्हिएरा (दोन्ही १९५७) आणि हिल्टन (१९५८) उभी राहिली. रिव्हिएराचा खरा सूत्रधार अमेरिकी टोळीप्रमुख मेयर लॅन्स्की. कागदोपत्री तो तेथील स्वयंपाकघराचा व्यवस्थापक होता! हिल्टनची इमारत मात्र क्यूबातील हॉटेल कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीतून बांधलेली होती.

सांस्कृतिक प्रभाव एकेरी नव्हता. रेडिओसेंत्रो (१९४८) हे न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटीच्या धर्तीवर उभारलेले संकुल. दूरचित्रवाणी १९५० मध्येच सुरू झाली. अमेरिकी लेखक हेमिंग्वे १९३९ पासून शहराबाहेरील फिन्का विहीया येथे राहत असे. उलट दिशेने माम्बो व चा-चा-चा ही नृत्ये न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत पोहोचली. चानो पोसो या हवानाच्या ढोलवादकाने १९४७ मध्ये अमेरिकी जॅझवादक डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदात क्यूबन ताल आणला. बेसबॉल तर अमेरिकेत शिकून परतलेल्या क्यूबन तरुणांनी १८६० च्या दशकातच आणला होता. स्पॅनिश बैलझुंजींना पर्याय म्हणून तो रुजला, म्हणून त्याला लादलेला खेळ म्हणणे चुकीचे ठरेल. १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी जॅकी रॉबिन्सनसह हवानात सराव केला. १९५४ पासून शुगर किंग्ज हा स्थानिक संघ अमेरिकी इंटरनॅशनल लीगमध्ये खेळे.

१ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता पळाला, तेव्हा जमावाने कॅसिनो आणि रस्त्यांवरील पार्किंग मीटर फोडले. हिल्टनमध्ये काही काळ क्रांतीचा नेता फिडेल कास्ट्रो याचे मुख्यालय होते. पुढे या हॉटेलाचे नाव ‘हबाना लिब्रे’ झाले. सोव्हिएत तेल शुद्ध करण्यास नकार देणारे तेलशुद्धीकरण कारखाने १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतले. अमेरिकेने साखरेचा कोटा तोडला. पाठोपाठ वीज, टेलिफोन, बँका व दुकानांचे राष्ट्रीयीकरण झाले. शुगर किंग्ज संघ त्याच वर्षी जुलैत जर्सी सिटीला हलवण्यात आला. त्याच्या मैदानावर १९६२ पासून क्यूबाच्या राष्ट्रीय बेसबॉल मालिकेचे सामने होऊ लागले.